ऐकलेलं पुढे पाठवण्याआधी

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी व्याख्यानमालेत सभागृहात केलेल्या भाषणाचा मजकूर. विषय : प्रसारमाध्यमे आणि आपले दैनंदिन जीवन.)



समितीने मला हा विषय दिला तेव्हा मी सचिवांना म्हटलं, "अहो, अर्धा तास लोक मोबाईल खाली ठेवून बसतील का?" ते म्हणाले, "सर, तुम्ही बोला, मोबाईलचं आम्ही बघतो." आता बघतोय तर पहिल्या रांगेत बसून सचिवच शूटिंग करताहेत. (हशा)

विषय तसा फार मोठा आहे. वर्तमानपत्र, रेडिओ, टीव्ही, मोबाईल या सगळ्यांवर थोडं थोडं बोलायचं म्हटलं तर नववीतल्या निबंधासारखं होईल. 'प्रसारमाध्यमे : शाप की वरदान?' शाळेत असताना तीस वर्षं मी हा निबंध तपासला. शेवटचं वाक्य प्रत्येक वहीत ठरलेलं असे : 'म्हणून आपण प्रसारमाध्यमांचा योग्य वापर केला पाहिजे.' योग्य वापर म्हणजे नेमकं काय, हे मात्र कुठल्याच वहीत नसे. आज मी तेवढ्यापुरतंच बोलणार आहे. शाप की वरदान, ते तुम्ही घरी गेल्यावर ठरवा.

माझं म्हणणं थोडक्यात असं. एखादी गोष्ट आपल्या कानावर पडते, आणि मग आपण तिच्यावर काहीतरी करतो. पुढे सांगतो, पाठवतो, कधी काठी घेऊन बाहेर पडतो. या दोन्हींच्या मध्ये थोडी जागा असते. थांबायची, चार माणसांत बसून बोलायची, विचारायची जागा. माध्यमाने आपलं भलं होणार की बुरं, हे माध्यमापेक्षा त्या मधल्या जागेवर जास्त ठरतं. हे मी पुस्तकातून सांगत नाही, आपल्या सातारा-सांगलीच्या मातीतली उदाहरणं देऊन सांगतो.

आता 'सातारा-सांगली' हे मी एका दमात का म्हणतो? आपल्या इमारतीतले निम्मे लोक मूळचे सातारा जिल्ह्यातले आहेत आणि निम्मे इथलेच, हे एक कारण. दुसरं म्हणजे वाळवा, तासगाव, खानापूर, शिराळा हे तालुके जुन्या सातारा जिल्ह्यातलेच. संस्थानं विलीन झाली, १९४९ मध्ये जिल्ह्याचे उत्तर सातारा आणि दक्षिण सातारा असे दोन भाग झाले आणि १९६० मध्ये दक्षिण साताऱ्याला सांगली हे नाव मिळालं. म्हणजे आपण वाटणी झालेले भाऊभाऊ आहोत.

आपल्याला वाटतं, अफवा हे मोबाईलचं बाळ आहे. तसं नाही. १९४३ ते १९४६ या काळात आपल्या भागात क्रांतिसिंह नाना पाटलांच्या नेतृत्वाखाली प्रतिसरकार होतं. नाना पाटील येडेमच्छिंद्रचे. चळवळीच्या बातम्या लोकांपर्यंत जायच्या त्या सभांतून, शाहिरांच्या पोवाड्यांतून, हातपत्रकांतून आणि तोंडी निरोपांतून. त्यातच एक बोलवा उठली, की हे लोक गुन्हेगारांच्या आणि फितुरांच्या पायांना पत्रे ठोकतात. झालं! प्रतिसरकारचं 'पत्रीसरकार' झालं. आज ऐंशी वर्षं झाली. तुफान सेना, न्यायदान, गावोगावचे तंटे मिटवणं, हे सगळं किती जणांना ठाऊक आहे? 'पत्रीसरकार' मात्र पोराटोरांना माहीत आहे. ना रेडिओ, ना फोन, तरीही बोलवा नावाला चिकटली ती कायमची.

म्हणजे दोष यंत्राचा नाही. मग यंत्र आल्यावर काय झालं ते बघू.

१९५६ साली आकाशवाणीच्या पुणे केंद्राने युनेस्कोच्या मदतीने एक प्रयोग केला. शेतकऱ्यांची रेडिओ श्रोतामंडळं. कल्पना मूळ कॅनडाची. पाच जिल्ह्यांतली १५० गावं निवडली होती, आणि त्या पाचांत आपला उत्तर सातारा होता. गावातले पंधरा-वीस लोक एकत्र बसायचे. एक जण अध्यक्ष, एक जण टिपणं घेणारा. आठवड्यातून दोन संध्याकाळी अर्ध्या तासाचा कार्यक्रम लागायचा. असे एकूण वीस कार्यक्रम झाले. शेती, आरोग्य, शिक्षण, गावचा कारभार असे विषय.

आता खरी गंमत पुढे आहे. कार्यक्रम संपला की रेडिओ बंद करायचा आणि ऐकलेल्या गोष्टीवर मंडळाने चर्चा करायची. काय पटलं, काय नाही पटलं, आपल्या गावात काय करता येईल. मग त्याचा अहवाल पुण्याला पाठवायचा. लोकांनी विचारलेल्या शंकांना पुढच्या कार्यक्रमांतून उत्तरं मिळायची. ऐका, चर्चा करा, मग कृती करा, असा तो क्रम होता.

माझे थोरले चुलते अशा मंडळात बसलेले होते. ते सांगायचे, "रेडू बंद झाला की मगच खरी मज्जा सुरू व्हायची बघ. रेडूतल्या सायबाला उलटं बोलता येत नव्हतं, पण एकमेकाला येत हुतं." पुण्याच्या तज्ज्ञाने नव्या बियाण्याचं कौतुक केलं की इकडून कुणीतरी म्हणणार, "त्येंच्या काळ्या रानात येत असंल, आपल्या माळावर येतंय का?" मग कुणी म्हणणार, मी दोन गुंठ्यांत पेरून बघतो. त्या दोन गुंठ्यांत काय उगवतं ते सगळं गाव बघणार. निवाडा तिथे व्हायचा, रेडिओवर नाही.

या प्रयोगाची तपासणी मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने केली. मंडळं असलेली गावं आणि मंडळं नसलेली गावं यांची तुलना केली. मंडळं नसलेल्या काही गावांत रेडिओ होता, तरीही तिथल्या लोकांच्या माहितीत थोडाच फरक पडला. जिथे बसून चर्चा झाली तिथे मात्र भरपूर भर पडली. आवाज तोच, कार्यक्रम तोच, फरक फक्त चर्चेचा. पुढे १९५९ पासून ही मंडळं देशभर सुरू झाली. निबंधातल्या 'योग्य वापर' या शब्दांचा अर्थ मला पहिल्यांदा कळला तो इथे.

पुणे केंद्राच्या ग्रामीण कार्यक्रमांचं काम त्या वेळी बघत होते व्यंकटेश माडगूळकर. त्यांचे थोरले बंधू ग. दि. माडगूळकर यांचं गीतरामायण १ एप्रिल १९५५ पासून वर्षभर त्याच केंद्रावरून घरोघर पोचत होतं. दोघं भाऊ आपल्या आटपाडी-माडगुळ्याकडचे. १९६३ मध्ये तर आकाशवाणीचं केंद्र सांगलीतच आलं, आणि बाजारभाव, हवामान, शेतीचा सल्ला आपल्या माणसाच्या बोलीत ऐकू यायला लागला. माझ्या पिढीतल्या पुष्कळांची सकाळ त्या आवाजाने उजाडली आहे.

मग टीव्ही आला. १९८७ साली रामायण मालिका सुरू झाली तेव्हा ज्यांच्या घरी टीव्ही त्यांच्या घरी रविवारी सकाळी अख्खी आळी. चपला दाराबाहेर, पोरं जमिनीवर, म्हातारी माणसं खुर्चीवर. पण तिथेही मालिका संपल्यावर दहा मिनिटं बोलणं व्हायचं.

आपली सोसायटी झाली तेव्हा केबलचा जमाना सुरू झाला होता. सुरुवातीच्या सभासदांना आठवत असेल, आपल्या पहिल्या वार्षिक सभेत पाण्याच्या टाकीपेक्षा जास्त वेळ गच्चीवरून केबलची वायर कुठून न्यायची यावर गेला होता. (हशा) आधी चावडीवर एक रेडिओ होता, मग घरात एक टीव्ही आला, मग खोलीत एक, आणि आता प्रत्येकाच्या तळहातावर एक. चावडीवर पंधरा-वीस लोक एकत्र ऐकायचे. आता एकाच सोफ्यावर चौघं बसतात आणि चौघांच्या कानात चार वेगळ्या बातम्या असतात. ऐकणारा एकटा पडला. एकटा पडल्यामुळे "आपल्या माळावर येतंय का?" असं विचारणारा शेजारी उरला नाही.

याचा अर्थ जुनं सगळं चांगलं आणि मोबाईल वाईट, असं मी म्हणणार नाही. रेडिओ सरकारी होता, एका बाजूने बोलणारा होता, हेही विसरायला नको. आणि मोबाईलचं पुण्य आपण ऑगस्ट २०१९ मध्ये बघितलं आहे. कृष्णेला महापूर आला. आयर्विन पुलाजवळ इशाऱ्याची पातळी ४० फूट, धोक्याची ४५ फूट, आणि पाणी गेलं ५७ फुटांच्या वर. गावभाग, खणभाग पाण्यात. आपल्याकडे पाणी आलं नाही, पण पाहुणे आले. माझ्याच घरी अकरा माणसं होती. त्या दिवसांत आपल्या सोसायटीच्या ग्रुपने जे काम केलं त्याला तोड नाही. कोयनेतून विसर्ग किती, पुलाची पातळी किती, कुठला रस्ता बंद, दूध कुठे मिळतंय, कुणाच्या आईला इन्सुलिन हवंय, कुणाकडे जादा गाद्या आहेत. एक मेसेज टाकला की पाच मिनिटांत माणूस दारात.

त्याच आठवड्यात धरणाबद्दलचे भलते मेसेजही फिरत होते. पण आपल्याकडे घबराट पसरली नाही. का नाही पसरली? कारण आपल्या दोन-तीन जणांनी ठरवून घेतलं होतं, की पाण्याचा आकडा जलसंपदा विभागाचा किंवा जिल्हाधिकारी कार्यालयाचा असेल तरच ग्रुपवर टाकायचा. बाकीचे मेसेज आले की ते विचारायचे, "आकडा कुणाचा?" एवढाच प्रश्न. ग्रुप तोच, मोबाईल तोच, पण मध्ये विचारणारा माणूस होता.

हा प्रश्न विचारला गेला नाही तर काय होतं, हेही बघू या. ऐकायला जड जाईल, पण रौप्यमहोत्सव आहे म्हणून फक्त गोडच बोलायचं असं नाही.

१ जुलै २०१८. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यातलं राईनपाडा. मुलं पळवणारी टोळी फिरतेय अशी अफवा मोबाईलवरून त्या भागात पसरलेली. बाजाराचा दिवस. नाथपंथी डवरी गोसावी समाजातले पाच जण, भिक्षा मागून पोट भरणारे. जमावाने त्यांना ठार मारलं. त्यातले बहुतेक मंगळवेढ्याकडचे, म्हणजे आपल्या जतच्या शेजारचे. त्या वर्षी देशात अशा आणखी घटना घडल्या. मग त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा घातली. पुढे ती जगभर लागू झाली. आज तुमच्या-माझ्या मोबाईलमध्ये मेसेज पाचांपुढे जात नाही आणि आपण चिडतो. त्या चिडण्याच्या मागे राईनपाड्यासारख्या ठिकाणी गेलेले जीव आहेत, एवढं लक्षात ठेवा.

आता आपला जिल्हा. १३ सप्टेंबर २०२२, जत तालुक्यातलं लवंगा. त्या दिवसांत मुलं पळवणाऱ्यांच्या अफवा राज्यात ठिकठिकाणी फिरत होत्या. उत्तर प्रदेशातले चार साधू गाडीने विजापूरकडून पंढरपूरला निघाले होते. त्यांनी वाटेत एका मुलाला रस्ता विचारला. पंढरपूरचा रस्ता! तोही आपल्या मुलखात! आषाढी-कार्तिकीला अनोळखी वारकऱ्याला ओसरीवर भाकरी वाढणारा हा मुलूख. पण त्या दिवशी लोकांनी चौघांना काठ्यांनी, पट्ट्यांनी मारलं. नंतर पोलिसांनी ओळखपत्रं तपासली, खात्री केली, तर ते खरोखर साधूच. जीव वाचले. साधूंनी तक्रार दिली नाही, पोलिसांनी स्वतः होऊन गुन्हा दाखल केला.

तुम्ही म्हणाल, सर, ती आडरानातली गावं. आपण शिकलेली माणसं. आपल्यात डॉक्टर आहेत, इंजिनिअर आहेत, बँकेतले आहेत.

मग गेल्या वर्षीच्या श्रावणातली एक सकाळ आठवा. मी कुणाचंही नाव घेणार नाही. साडेदहा-अकराची वेळ. आपल्या ग्रुपवर गॅलरीतून काढलेला एक फोटो आला. गेटजवळ एक बाई, डोक्यावर गाठोडं, खांद्यावर झोपलेलं लहान मूल. खाली मजकूर : 'सावधान! ही बाई लहान मूल घेऊन फिरत आहे. मूल गुंगीत आहे. मूल तिचे वाटत नाही. सर्वांना कळवा.' सर्वांनी सर्वांना कळवलं. मी आंघोळ करून बाहेर आलो तोवर कराडहून माझ्या पुतणीचा फोन. "काका, सांगलीत मुलं पळवणारी टोळी आलीय म्हणे. काकूला एकटं बाहेर सोडू नका." तिने पाठवलेला फोटो बघितला तर आपलंच गेट. वीस मिनिटांत फोटो कराडला जाऊन परत आला होता, आणि येताना एका बाईची टोळी झाली होती.

मी खाली उतरलो. गेट बंद. आत बारा-पंधरा जण. मध्ये ती बाई. कुणीतरी गाठोडं ओढलं होतं, स्टीलची पातेली, डबे फरशीवर पसरलेले. जुन्या साड्यांवर भांडी देणारी ती बोहारीण होती. पोर आवाजाने जागं होऊन रडत होतं. बाई हात जोडून एकच वाक्य परत परत म्हणत होती, "माझंच हाय वो, माझंच हाय." मूल आपलंच आहे याचा पुरावा आई रस्त्यावर उभी राहून कसा देणार? तुमच्या-माझ्या घरातली आई देऊ शकेल?

तेवढ्यात तळमजल्यावरच्या आजी काठी टेकत आल्या. म्हणाल्या, "अगं, तू व्हय? आणि हे काय मांडलंय रे सगळ्यांनी? दर दोन महिन्याला येती ती. माझ्या जुन्या पैठणीवर डोळा आहे तिचा, मी देत नाही म्हणून भांडते माझ्याशी." मग सगळे गप्प. पोराला हात लावून बघितला तर अंग तापलेलं. गुंगी नव्हती, ताप होता. आपल्या डॉक्टर ताईंनी तपासलं, औषध दिलं. कुणी भांडी गोळा करून दिली, कुणी चहा आणला.

ज्यांनी मेसेज टाकला ते वाईट माणूस नाहीत. त्यांना नातवाची काळजी होती. पुढे पाठवणारेही वाईट नव्हते. म्हणूनच मला ही गोष्ट जास्त भीतीदायक वाटते. वाईट माणसांनी केलं असतं तर त्यांना ग्रुपमधून काढून टाकलं असतं आणि विषय मिटला असता. आपली ४८ घरं. त्यातल्या एका घराला ती बाई पुरती माहीत होती. त्या घराचं दार वाजवायला दोन मिनिटं लागली असती. आजींकडे साधा फोन आहे, त्या ग्रुपवर नाहीत. म्हणजे ज्या एका माणसाला खरं काय ते माहीत होतं, तोच चर्चेच्या बाहेर होता.

आपल्या ग्रुपवरून तो फोटो त्याच दुपारी पुसला. कराडच्या ग्रुपवरून तो कुणी पुसला असेल असं मला वाटत नाही. आणि ती बाई त्यानंतर आपल्या गेटवर आलेली नाही.

मग उपाय काय? मोबाईल फेकून द्यायचे? त्याचं उत्तरही आपल्याच जिल्ह्यात आहे, आणि तेही त्याच २०२२ सालचं. कडेगाव तालुक्यातलं मोहित्यांचे वडगाव. १५ ऑगस्ट २०२२ पासून तिथे रोज संध्याकाळी सात वाजता मंदिरावरचा भोंगा वाजतो. भोंगा वाजला की घरोघरचे टीव्ही बंद, मोबाईल बाजूला. साडेआठपर्यंत मुलांनी अभ्यास करायचा, मोठ्यांनी वाचायचं, बोलायचं. कोरोनाच्या काळात शिक्षणासाठी मुलांच्या हातात मोबाईल आला आणि शाळा सुरू झाल्या तरी तो हातातून सुटेना, हे शिक्षकांच्या लक्षात आलं होतं. सरपंच विजय मोहिते यांनी कल्पना मांडली तेव्हा आधी लोक हसले. बायकांनी मात्र ती उचलून धरली. त्यांनी कबूलही केलं, की मालिकांत आमचाही वेळ जातोच. सुरुवातीला अंगणवाडी सेविका, आशाताई, ग्रामपंचायतीचे कर्मचारी घरोघर फिरले. मग सवय लागली.

वडगावला भोंगा सुरू झाला आणि महिन्याच्या आत लवंग्यात साधूंना मार बसला. जिल्हा एक, साल एक, मोबाईलही तेच. एका गावाने मधली जागा स्वतः राखून ठेवली, दुसऱ्या गावात त्या दिवशी ती कुणाला सापडली नाही.

आपण आपल्या गच्चीवर भोंगा बसवावा असं मी सुचवत नाही. बसवला तर शेजारची सोसायटी उद्याच तक्रार करेल. (हशा) वडगावकडून घ्यायचं ते भोंगा नाही, एकत्र ठरवणं. एका घराने टीव्ही बंद केला आणि शेजारून मालिकेचं गाणं ऐकू येत राहिलं तर पोरगं अभ्यासाला बसत नाही. सगळ्यांनी मिळून ठरवलं तर बसतं. आपण सहकारी सोसायटी आहोत. सहकार म्हणजे जे एकट्याला जमत नाही ते मिळून करायचं. पाणी, लिफ्ट, जिना, वॉचमन हे आपण पंचवीस वर्षं मिळून सांभाळलं. आता ऐकलेल्या गोष्टीही थोड्या मिळून सांभाळू या.

माझ्या तीन सूचना आहेत. समितीने विचार करावा.

पहिली. 'सावधान', 'सर्वांना कळवा' असा कुठलाही मेसेज ग्रुपवर टाकण्याआधी तीन प्रश्न विचारायचे. स्वतः कुणी पाहिलं? कुठे आणि कधी? अधिकृत कुणाला विचारलं का? तिन्हींची उत्तरं नसतील तर तो मेसेज ग्रुपवर टाकायचा नाही. खरंच धोका वाटला तर ११२ ला फोन करायचा. फोटो काढण्याआधी फोन. पोलीस येतील, विचारतील. ते त्यांचं काम आहे. गेटवर गाठोडं उघडून बघणं हे आपलं काम नाही.

दुसरी. चुकीचा मेसेज नुसता पुसायचा नाही. तो जिथे जिथे पाठवला तिथे तिथे 'हे खोटं निघालं' असं त्याच माणसाने कळवायचं. पुसल्याने आपल्यापुरता विषय संपतो, ज्याचा फोटो फिरतोय त्याचा संपत नाही.

तिसरी सूचना मला सगळ्यात प्रिय. महिन्यातून एका रविवारी संध्याकाळी सात ते साडेआठ याच सभागृहात बसू या. मोबाईल टेबलावर एका टोपलीत. महिन्यातली एकच बातमी घ्यायची, दोन वेगळ्या वर्तमानपत्रांतून वाचायची आणि बोलायचं. एक जण अध्यक्ष, एक जण टिपणं घेणार. मुलांनीही यायचं, त्यांना आपल्यापेक्षा जास्त कळतं. फोटो खरा की बनवलेला ते ती आपल्याला दाखवतील, माणूस खरा की बनेल ते आपण त्यांना दाखवू. आणि ज्या ग्रुपवर नाहीत त्या तळमजल्यावरच्या आजींना पहिल्या रांगेत खुर्ची. १९५६ मध्ये आपल्या आज्या-पणज्यांच्या पिढीने कंदिलाच्या उजेडात जे जमवलं, ते आपल्याला एलईडीच्या उजेडात जमायला हरकत नाही.

पहिल्या रविवारी चहा माझ्याकडे. भजी कुणाकडे, ते मात्र आत्ताच ठरवू, कारण एकदा ग्रुपवर गेलं की चाळीस अंगठे येतील आणि भजी एकही येणार नाही. (हशा, टाळ्या)